कमरेचं शिसं: कुठे बांधायचं आणि कसं सोडायचं

माझी भाची डिसेंबरात कोल्हापूरहून आली ती स्कुबाचा ओपन वॉटर कोर्स करायचं पक्कं करूनच. बोगमाळोहून बोट निघायची होती त्याच्या आदल्या रात्री ती फोंड्याला आमच्या ओसरीवर पाय पसरून बसली आणि म्हणाली, "आत्या, पट्टा घेऊ की जॅकेटच्या खिशात वजन घालतात ते घेऊ? दोन्ही मिळतं म्हणे."

मी विचारलं, "ते वजन सोडायचं कसं, हे सांगितलंय का कुणी तुला?"

"घालायचं कसं ते दाखवलंय."

गोव्यात पहिल्यांदा पाण्याखाली जाणाऱ्या बऱ्याच जणांची तयारी इथवरच आलेली असते. शिसं बांधल्याशिवाय खाली जाता येत नाही, एवढं सगळ्यांना कळतं. जीव वाचवायची वेळ आली की तेच शिसं टाकून द्यायचं असतं, हे कानावरून गेलेलं असतं, पण हाताला त्याची सवय नसते. म्हणून कोणती पद्धत घ्यायची हे ठरवताना मी शेवटाकडून सुरुवात करते. तुम्ही वर आला आहात, धाप लागली आहे, लाट तोंडावर फुटते आहे, मास्क निघाला आहे आणि एका हाताने बोटीची दोरी धरली आहे. उरलेल्या एका हाताने, न बघता, हे वजन सुटेल का? आणि तुम्हाला जमलं नाही, तर शेजारच्या माणसाला ते सोडवता येईल का? पाठदुखी, सोय, किंमत या सगळ्याचा विचार त्यानंतर.

त्याआधी मुळात शिसं लागतं कशाला आणि किती, ते बघू. कारण कुठे बांधायचं याच्या निम्म्या अडचणी वजन जास्त झाल्यामुळे येतात.

शिसं कशासाठी

आपल्याकडे मुलं विहिरीत पोहायला शिकतात तेव्हा दोन असोले नारळ एकमेकांना बांधून देतात. नारळ जागा बरीच व्यापतो पण त्या मानाने हलका असतो, म्हणून पाणी त्याला वर लोटतं. डायव्हरच्या अंगातला वेटसूट नेमकं हेच काम करतो, फक्त आपल्याला ते नको असतं. वेटसूटच्या निओप्रीन रबरात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. गोव्याचं पाणी डायव्हिंगच्या हंगामात साधारण २६ ते २९ अंशांवर असतं, त्यामुळे इथे ३ मिलिमीटरचा सूट पुरतो. तेवढासा सूटही दीड-दोन किलोचा उचल जोर देतो. त्याशिवाय आपली फुप्फुसं असतातच. तो जोर मोडून काढण्यापुरतं शिसं लागतं, त्याहून जास्त नाही. शिसंच का, तर ते पाण्याच्या अकरा पटींहून थोडं जास्त जड आहे. लहानशा ठोकळ्यात भरपूर वजन मावतं.

पाणी किती जोराने वर लोटतं हे पाणी कोणतं यावरही ठरतं. समजा तुम्ही, टाकी, जॅकेट सगळं मिळून १०० लिटर जागा व्यापता. तलावाच्या गोड्या पाण्यात तुम्हाला सुमारे १०० किलोचा जोर मिळेल, समुद्रात १०२ ते १०३ किलोचा. म्हणजे पोहण्याच्या तलावात सराव करताना जे वजन बरोबर बसलं, त्यात समुद्रासाठी दोन-अडीच किलोंची भर पडते. भाचीला हे ऐकून बरं वाटलं, कारण तलावात तिला दोन किलो दिले होते आणि आता समुद्रासाठी साडेचार सांगत होते. तिला वाटलं होतं की आपलंच काहीतरी चुकतंय. एक शंका मला दर ऑक्टोबरात कुणीतरी विचारतं: पावसाळ्यानंतर झुआरीच्या मुखाजवळचं पाणी कमी खारट असतं, तर वजन बदलायचं का? हिशेब केला तर फरक पाव-अर्ध्या किलोच्या आतबाहेर येतो. तो सोडून द्या.

आता टाकी. आपल्याकडच्या बोटींवर बहुधा अकरा लिटरची ॲल्युमिनियमची टाकी असते आणि ती २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) भरलेली असते. अकरा गुणिले दोनशे, म्हणजे बावीसशे लिटर हवा. हवेचं वजन लिटरमागे सव्वा ग्रॅमच्या जवळपास. सगळी मिळून अडीच-पावणेतीन किलो हवा तुम्ही पाठीवर घेऊन उतरता आणि श्वासागणिक ती संपवता. भरलेली असताना ही टाकी समुद्रात अर्धा-पाऊण किलोने बुडती असते. पूर्ण रिकामी झाली की तीच टाकी दोन किलोने तरंगायला बघते. तुम्ही उतरता तेव्हा आणि वर येता तेव्हा, तुमचं पाण्यातलं वजन एक नसतं. म्हणून शिसं ठरवायचं ते डाइव्हच्या शेवटासाठी, जेव्हा टाकीत ५० बार उरले आहेत आणि तुम्हाला वर येताना सुरक्षेसाठी ५ मीटरवर तीन मिनिटं शांत थांबायचं आहे. सुरुवातीला आपण दोनेक किलोंनी जड असणारच, तेवढी भरपाई जॅकेटात थोडी हवा सोडून होते. हे जॅकेट म्हणजेच बीसीडी.

"दोन किलो जास्तच असू द्या"

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका बोटीवर मला आठ किलोंचा पट्टा दिला होता. त्या वेळी माझं वजन चोपन्न किलो होतं. देणारा माणूस चांगल्या मनाने म्हणाला, "बाई, जास्त असलेलं बरं, वर वर तरंगत नाही राहणार." मी विश्वास ठेवला. ग्रँड आयलंड या बेटाच्या आडोशाला आठ-नऊ मीटरवर सगळा वेळ मी जॅकेटात हवा भर, हवा सोड, एवढंच करत होते. पाय खाली, डोकं वर, फिन्स तळाला घासत होते. आधीच गढूळ असलेलं पाणी माझ्यामागे आणखी गढूळ होत गेलं. माझी हवा बाकीच्यांच्या आधी पंधरा मिनिटं संपत आली. वर आल्यावर मला वाटलं, हा खेळ माझ्यासारखीचा नाही. खरं तर माझ्या कमरेला तीन-चार किलो शिसं फुकट लटकत होतं.

झालं काय होतं ते सांगते. चार किलो जादा असले की त्यांना तोलायला जॅकेटात चार लिटर जादा हवा हवी. दहा मीटरवर पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब २ बार असतो, पाच मीटरवर दीड. म्हणून दहा मीटरवर भरलेले चार लिटर पाच मीटरवर सव्वापाच लिटर होतात, म्हणजे तुम्ही काही न करता सव्वा किलोने हलके. वर ओढ लागते, घाबरून हवा सोडता, मग खाली पडता, पुन्हा भरता. जॅकेटातला फुगा जितका मोठा, तितकी ही वर-खाली ओढ मोठी.

इथे गोव्याबद्दलचा एक गैरसमज मला मनापासून दूर करायचा आहे. "आपल्याकडे खोली जास्त नाही, म्हणजे सोपं." उलट आहे. ३० मीटरवरून २० वर येताना दाब ४ बारवरून ३ वर येतो, हवा तिप्पट-चौपट नाही, एक तृतीयांशाने फुगते. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना तीच हवा दुप्पट होते. सगळ्यात मोठे फरक उथळ पाण्यातच पडतात. त्यात आपल्या किनाऱ्याजवळ अनेकदा चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नाही. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला गेलात तर तळाकडे बघून आपण वर सरकतोय का ते डोळ्यांना कळतं. ग्रँड आयलंडला चहूकडे हिरवट धूसर, खोली दाखवणाऱ्या मनगटावरच्या कॉम्प्युटरवर नजर नसेल तर तीन मीटर वर गेल्याचं लक्षातही येत नाही.

मग बरोबर वजन कसं ओळखायचं? शरीराच्या वजनाच्या अमुक टक्के, असे ठोकताळे लोक सांगतात. ते पहिल्या अंदाजापुरते. खरी परीक्षा पाण्यात. सगळी सामग्री घालून पृष्ठभागावर उभे राहा, जॅकेटातली हवा पूर्ण काढा, नेहमीसारखा श्वास घेऊन धरा, पाय अजिबात हलवू नका. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे. श्वास सोडला की सावकाश खाली जायला हवं. टाकी भरलेली असताना ही परीक्षा केली असेल, तर वापरून जाणाऱ्या हवेसाठी त्यात दोनेक किलो वाढवायचे. याहून चांगली परीक्षा डाइव्हच्या शेवटी: ५० बार, ५ मीटर, जॅकेट रिकामं, आणि तरी तुम्ही स्थिर. त्यानंतर हा आकडा विसरू नका, वहीत लिहा. सोबत सूट किती जाडीचा, टाकी कोणती, पाणी खारं की गोडं, हेही लिहा, कारण यातलं एक बदललं की आकडा बदलतो.

नवख्या माणसाला मात्र एखादा किलो जादा लागतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. भीतीने आपण छाती भरलेली ठेवतो, पूर्ण श्वास सोडतच नाही. फुप्फुसात एक लिटर हवा जास्त राहिली की एक किलो वर ओढ. पाच-सात डाइव्हनंतर श्वास लांबतो आणि ते शिसं आपोआप नकोसं होतं. तेव्हा ते खरंच काढा. पुष्कळ जण पहिल्या दिवशीचा आकडा वर्षानुवर्षं बांधून फिरतात.

पट्टा

सगळ्यात जुनी आणि साधी पद्धत. पाच सेंटिमीटर रुंदीचा नायलॉनचा पट्टा, त्यात ओवलेले शिशाचे ठोकळे, पुढे झटक्यात उघडणारं बकल. माझ्या मते भाड्याने सामग्री घेऊन वर्षातून चार-सहा डाइव्ह करणाऱ्याने पट्टाच घ्यावा. कारण एकच: तो जगात सगळीकडे सारखा उघडतो. बोट कुठलीही असो, सोबतचा माणूस अनोळखी असो, बकल उचलायचं आणि ओढायचं, हे त्यालाही माहीत असतं. जॅकेटच्या खिशांचं तसं नाही.

पट्ट्याचे दोष खरे आहेत, पण बहुतेक ते बांधण्यातले आहेत. ठोकळे पाठीमागे गोळा होऊ देऊ नका, पाठीवर टाकीचं ओझं आधीच आहे. दोन्ही बाजूंना सारखे, कमरेच्या हाडाच्या किंचित पुढे ठेवा. ठोकळा सरकत असेल तर त्याच्या फटीतून पट्टा ओवताना मध्ये एक पीळ द्या, नाहीतर दोन्ही बाजूंना अडकवणी लावा. बकलबाहेर एक वीतभर शेपूट राहू द्या आणि ते शेपूट कशातही खोचू नका. नीटनेटकं दिसावं म्हणून खोचणारे लोक मी पाहिले आहेत. सोडायच्या क्षणी तेच शेपूट पट्टा धरून ठेवतं.

घालताना बकल नसलेलं टोक उजव्या हातात घ्या, पुढे वाका, ठोकळे पाठीवर टेकू द्या आणि मग बकल लावा. म्हणजे ते उजव्या हाताने उघडेल, तशी सगळीकडे पद्धत आहे. आणि पट्टा सगळ्यात वर हवा. जॅकेटचा पोटपट्टा, चाकूची वादी, काहीही त्याच्यावरून गेलेलं नको. एकाच्यावर एक अशा दोन गाठी असल्यासारखं होतं ते. वरची सोडल्याशिवाय खालची सुटत नाही.

आता एक गोष्ट जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. बोटीवर घट्ट बांधलेला पट्टा खाली गेल्यावर सैल होतो. दाबाने वेटसूट चेपतो, कंबर बारीक होते, पट्टा तेवढाच राहतो. माझ्या दहाव्या-बाराव्या डाइव्हला, सुझीज रेकवर, बुडालेल्या जहाजाच्या कडेने जाताना माझा पट्टा फिरला. मला जाणवलंही नाही. वर आल्यावर काढायला गेले तर पोटावर ठोकळा लागला आणि बकल पाठीवर, टाकीच्या खाली. समुद्र शांत होता, बोट जवळ होती, मला हसत हसत मदत मिळाली. पण बोटीत बसल्यावर माझे हात थरथरत होते, कारण गरज पडली असती तर मला तो पट्टा सोडता आलाच नसता. तेव्हापासून तळाशी पोचलं की मी पालथी होते, ठोकळे पाठीवर टेकवते, पट्टा पुन्हा आवळते आणि अंगठा बकलवर नेऊन ते मध्यभागी आहे याची खात्री करते. दहा सेकंदांचं काम आहे. एका श्वासावर खोल जाणारे डायव्हर यासाठी रबराचा पट्टा वापरतात. तो वर ताणलेला असतो आणि सूट चेपला की स्वतःही आकसतो. स्वतःचा पट्टा विकत घेणार असाल तर तो जरूर बघा.

ज्यांची कंबर आणि नितंब यांत फरक कमी, त्यांच्या अंगावरून पट्टा खाली घसरतो. सुटलेल्या पोटाच्या पुरुषांचीही हीच तक्रार असते. अशांनी पट्टा आवळून श्वास कोंडून घेऊ नये, त्यांच्यासाठी दुसरे मार्ग आहेत.

जॅकेटचे खिसे

बीसीडीच्या दोन्ही बाजूंना खिसे, त्यात शिशाची पिशवी किंवा ठोकळे, आणि प्रत्येक खिशाला ओढायची मूठ. मूठ ओढली की शिशासकट खिसा बाहेर. कमरेवर भार नाही, घसरणं नाही, पाण्यात शरीर आडवं राहायला मदत होते. ज्यांची पाठ दुखते त्यांना हा फरक पहिल्याच डाइव्हला कळतो. स्वतःची बीसीडी असेल, तीच नेहमी वापरत असाल, तर ही पद्धत उत्तम आहे.

पण तिचा पहिला धोका पट्ट्याच्या नेमका उलटा आहे. पट्टा नको तेव्हा अडकतो, खिसा नको तेव्हा सुटतो. क्लिप नीट बसली नाही, वेल्क्रो जुना झाला, बोटीवरून पाठीमागे उडी मारताना धक्का बसला, आणि तीन किलो तळाला. पृष्ठभागावरच गेलं तर फक्त शिसं गेलं. बारा मीटरवर गेलं तर तुम्ही त्या क्षणी तीन किलोंनी हलके होता, वर सरकू लागता, जॅकेटातली आणि सूटमधली हवा फुगत जाते आणि वेग वाढत जातो. म्हणून खिसा बसवल्यावर 'टक' असा आवाज ऐका, मग तो खिसा खाली ओढून बघा. नुसता आवाज पुरेसा नाही.

दुसरा धोका: प्रत्येक कंपनीची मूठ वेगळी. कुठे पुढे ओढायची, कुठे खाली, कुठे आधी चिमटा दाबायचा. तुमच्या बडीला, म्हणजे जोडीने उतरणाऱ्या साथीदाराला, ती माहीत असायला हवी. उतरण्यापूर्वीच्या तपासणीत त्याचा हात धरून त्या मुठीवर ठेवा आणि दाखवा. मला हे करताना संकोच वाटायचा, आता वाटत नाही.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. समजा मासेमारीच्या जुन्या जाळ्यात टाकीची झडप अडकली आणि सोडवण्यासाठी जॅकेट उतरवावं लागलं. सगळं शिसं जॅकेटात असेल तर जॅकेट खाली ओढतं आणि नुसत्या सूटमधले तुम्ही वर. दोघांना जोडणारी एकच गोष्ट, तोंडातला श्वास घ्यायचा रेग्युलेटर. पट्टा असेल तर शिसं तुमच्याजवळ राहतं आणि तुम्ही जॅकेटशेजारी थांबून काम करू शकता. बुडालेल्या जहाजांजवळ जाणाऱ्यांनी म्हणून एक-दोन किलो पट्ट्यावर आणि बाकी खिशात, अशी विभागणी करावी.

बाकीच्या जागा

खांद्यावरून पट्टे घेणारा हार्नेस मिळतो. कंबर धरत नाही आणि खिसेही नकोत, अशांना तो बरा. टाकीच्या पट्ट्यावर मागे छोटे खिसे लावतात, त्यांत एकेक किलो ठेवला की पाय बुडायचे थांबतात. पण ते खिसे आपल्या हाताने सुटत नाहीत, हे लक्षात ठेवून तिथे थोडंच ठेवायचं. घोट्याला बांधायची वजनं गोव्याच्या पाण्यात मला कधीच लागली नाहीत. प्रत्येक पायमारीला ती उचलावी लागतात आणि पाय लवकर थकतात.

टाकी ज्यावर बसवतात त्या पाठीवरच्या पोलादी पाट्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तरुण मुलं हल्ली त्याची स्वप्नं बघतात. तो पाटा सुमारे पावणेतीन किलोंचा असतो. थंड देशांत जाड सूट घालून दहा-बारा किलो वाहणाऱ्याला त्यातले तीन किलो पाठीवर कायमचे गेले तर चालतं, सोडायला पुष्कळ उरतं. परदेशी पुस्तकांत 'सगळं वजन सोडण्याजोगं ठेवू नका' असं लिहिलेलं असतं ते अशा लोकांसाठी. आपलं सगळं मिळून चार-पाच किलो. डोकं पाण्याबाहेर ठेवायला तीन-चार किलोंचा उचल जोर तरी हवा. मग आपल्याकडे तीन-चार किलो सुटण्याजोगे असलेच पाहिजेत, म्हणजे जवळजवळ सगळे. ३ मिलिमीटरच्या सूटवर पोलादी पाटा घेतला तर टाकायला पुरेसं हातात राहत नाही. तेव्हा ॲल्युमिनियमचा पाटा घ्या आणि शिसं कमरेला ठेवा.

सोडायचं कधी

पृष्ठभागावर अडचण आली, जॅकेट फुगत नाही किंवा फुगवायला सुचत नाही, दम लागलाय, लाटा आहेत: सोडा. विचार करत बसू नका. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था डायव्हिंगमधल्या मृत्यूंचे अहवाल अनेक वर्षं प्रसिद्ध करत आली आहे आणि त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सापडलेल्या बऱ्याच जणांच्या अंगावर शिसं तसंच असतं. मला या वाक्याने दर वेळी गलबलून येतं. जी गोष्ट एका झटक्यात खाली पडली असती, ती शेवटपर्यंत बांधलेली. घाबरलेला माणूस नवीन काही करू शकत नाही, हातांना आधीच येत असेल तेवढंच करतो. काहींच्या मनात तर हेही येतं की भाड्याचं शिसं गेलं तर पैसे भरावे लागतील. भरा. दोन-चार किलो शिशाची किंमत ती काय.

सोडताना पट्टा नुसता उघडून खाली पडू देऊ नका. उजव्या हाताने बकल उघडा, पट्टा अंगापासून हातभर लांब न्या आणि मग सोडा, नाहीतर तो चाकूत, टाकीतली हवा दाखवणाऱ्या गेजच्या नळीत किंवा गुडघ्यात अडकतो. खाली कुणी डायव्हर नाही ना, एवढं जमलं तर बघा.

पाण्याखाली मात्र हिशेब वेगळा. बारा मीटरवर पाचही किलो सोडले तर तुम्ही आवरता न येणाऱ्या वेगाने वर जाल. फुप्फुसात कोंडलेली हवा वाटेत दुपटीहून जास्त फुगेल आणि श्वास रोखला असेल तर फुप्फुसाला इजा होऊन हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात. म्हणून खाली हवा संपली तर आधी बडीची हवा घेणं, मग सावकाश श्वास सोडत पोहत वर येणं. वजन टाकणं हा दुसरा कुठलाच मार्ग उरला नाही तेव्हाचा मार्ग, आणि तेव्हाही पूर्ण वाटभर 'आ' असा आवाज काढत हवा बाहेर जाऊ द्यायची. इथे खिशांचा एक फायदा आहे: एक मूठ ओढून अर्धंच वजन सोडता येतं. पट्टा अर्धा सोडता येत नाही.

छोट्या बोटीत चढताना आधी शिसं वर द्या, मग जॅकेट, फिन्स शेवटी. जॅकेट आधी काढलं आणि पट्टा कमरेला राहिला, तर तरंगवणारं गेलं आणि बुडवणारं उरलं. पट्टा वर देताना बकल नसलेलं टोक बोटवाल्याच्या हातात द्या, म्हणजे ठोकळे खाली बकलपाशी अडतात, घरंगळून कुणाच्या पायावर पडत नाहीत. बोटीत तो बाकावर नाही, खाली ठेवायचा. आणि शिसं विषारी आहे. उघडे ठोकळे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय पाव-भाजीला हात लावू नका, फाटलेल्या पिशवीतून शिशाचे दाणे सांडत असतील तर ती बदलून मागा.

भाचीने पट्टा घेतला. त्या रात्री मी तिला ओसरीवर डोळे मिटून वीस वेळा बकल उघडायला लावलं, दहा वेळा उजव्या हाताने, दहा वेळा डाव्या. आई आतून विचारत होती की हा कसला आवाज चाललाय. चौथ्या दिवशी शेवटच्या डाइव्हला प्रशिक्षकाने तिला ५ मीटरवर थांबवलं, टाकीत ५० बार, जॅकेट रिकामं. ती तिथेच थोडी खाली जात राहिली, तेव्हा त्याने तिच्या पट्ट्यावरून अर्ध्या किलोचा ठोकळा काढून आपल्या खिशात टाकला. मग ती थांबली, हात छातीशी बांधून, तीन मिनिटं, न हलता. परतीच्या बोटीत तिने ओल्या हातांनी वहीत लिहिलं: ३ मिमी सूट, ॲल्युमिनियमची टाकी, समुद्र, ४ किलो, पट्टा, उजवा हात.